दोन लाखांच्या कार्डात असतं तरी काय?

प्रश्न : आमचे चिरंजीव अवसरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. गेम खेळायला नवा कॉम्प्युटर जोडायचा म्हणतात आणि त्यात ‘फिफ्टी नाइंटी’ नावाचं ग्राफिक्स कार्ड हवंच म्हणतात. किंमत दोन लाखांच्या पुढे. त्याच्या खालचं ‘फिफ्टी एटी’ निम्म्या पैशात येतं असंही तेच सांगतात. मग त्या दोन लाखांच्या कार्डात असतं तरी काय, आणि खालचं घेतलं तर नेमकं कुठे अडतं? शिवाय ‘खोडदच्या दुर्बिणीतपण असलीच कार्डं आहेत’ असं ऐकवतात. हे खरं, की बापाला पटवायची युक्ती?
– एक वाचक, निरगुडसर (ता. आंबेगाव)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, म्हणजे घरातला एक वाद मिटेल. चिरंजीव खरं बोलताहेत.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते, पण त्यासाठी प्रत्येक डिशने पकडलेला संदेश उरलेल्या प्रत्येक डिशच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. तिसांच्या जोड्या होतात ४३५, आणि हे ताडणं अखंड चालू ठेवावं लागतं. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकला जायचा. दुर्बीण अद्ययावत केली तेव्हा तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि आकडेमोडही त्याच मानाने फुगली. साध्या प्रोसेसरांवर ती रेटणं परवडेना. म्हणून नव्या यंत्रणेत एनव्हिडिया कंपनीची केप्लर पिढीतली टेस्ला कार्डं बसवली गेली. त्या पिढीतलं टेस्ला के४० उघडलं आणि त्याच काळातलं गेमवाल्यांचं जीटीएक्स ७८० टीआय उघडलं, तर दोन्हींच्या पोटात चिप एकाच घराण्यातली निघते, जीके११०. टेस्लाला मॉनिटर जोडायची सोय नसते, मेमरीत झालेली चूक ओळखून दुरुस्त करायची व्यवस्था असते, आणि किंमत गेमच्या कार्डाच्या कितीतरी पट.

ताऱ्यांच्या कामाला गेमची चिप चालते, कारण दोन्हीकडच्या कामाचा स्वभाव एक आहे. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं काढायची म्हटली तर जवळपास ५० कोटी ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. एका ठिपक्याचं गणित साधं असतं, आणि शेजारच्या ठिपक्याचं उत्तर येईपर्यंत त्याला थांबावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरात आठ-सोळा अतिशय हुशार कोअर असतात. ग्राफिक्स कार्डात साधी बेरीज-गुणाकार करणारे हजारो असतात आणि ते सगळे एकदमच कामाला लागतात. २००७ साली एनव्हिडियाने क्यूडा ही प्रणाली खुली केली आणि या हजारो कोअरना गेमव्यतिरिक्तही कोणतंही गणित घालता येऊ लागलं. आज ज्याला एआय म्हणतात त्याचा मोठा भाग याच वाटेने आला. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. तेव्हा मुलाला घेऊन जा आणि तिथल्या अभियंत्यांना कार्डांबद्दल विचारा. आपल्या भागातली मुलं तिथे डिश बघून परत येतात, आकडेमोडीची चौकशी फार थोडी करतात.

मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू चिरंजीवांनी सांगितली नसेल. टेस्ला के४० सेकंदाला सुमारे ४.३ लाख कोटी गणितं करायचं. आज बाजारात मिळणारं आरटीएक्स ५०७० टीआय सुमारे ४४ लाख कोटी करतं, म्हणजे त्याच्या दहापट. २०२५च्या सुरुवातीला एनव्हिडियाने भारतासाठी त्याची किंमत ८०,००० रुपये जाहीर केली होती. तेव्हा दुर्बिणीचा दाखला देऊनच कार्ड मागायचं असेल, तर त्या दाखल्यावर ऐंशी हजारांचंच मिळतं.

आता दोन लाखांकडे. त्याच यादीत ५०९०ची किंमत २,१४,००० होती आणि ५०८०ची १,०७,०००. बरोब्बर दुप्पट, आणि आत पाहिलं तर मालही जवळपास दुप्पट आहे. ५०९०ची चिप ७५० चौरस मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम इंचभर लांब-रुंद. त्यात ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर. ५०८०ची ३७८ चौरस मिलिमीटरची, ४,५६० कोटींची. कोअर एकात २१,७६०, दुसऱ्यात १०,७५२. मेमरी ३२ जीबी आणि १६ जीबी. त्या मेमरीतून चिपकडे माहिती जाण्याचा रस्ता एकात ५१२ बिटांचा, दुसऱ्यात २५६चा. दोन्ही चिपा तैवानच्या टीएसएमसी कंपनीत, एकाच पद्धतीने बनतात.

चिप मोठी झाली की महाग का पडते, हे मंचरच्या मार्केटला कांदा नेणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. एकाच वाफ्यातला माल, पण निवडताना गोळा वेगळा पडतो, गोल्टी वेगळी, बदला वेगळा, आणि प्रत्येक वक्कलीला भाव निराळा. सिलिकॉनची बारा इंची गोल चकती हा इथला वाफा. तिच्यावर सूक्ष्म दोष कुठेही पडू शकतात. चिप जितकी मोठी तितका तिच्यात दोष सापडण्याचा संभव जास्त, आणि मुळात एका चकतीतून चिपाही कमी निघतात. म्हणून कंपनी दोष असलेला भाग बंद करून चिप खालच्या नावाने विकते. ५०९०च्या चिपमध्ये मुळात कोअरचे १९२ गट आहेत; विकताना त्यातले १७०च चालू असतात. ५०८०मध्ये ८४ पैकी ८४ चालू. आणि ५०७० टीआय म्हणजे हीच ५०८०ची चिप, ८४ पैकी ७० गट चालू ठेवलेली. मेमरी तिलाही १६ जीबीच. या दोघींत फोर-केवर फरक पडतो पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि यादीतल्या किमतीत फरक २७,००० रुपयांचा. माझ्या मते सगळ्या मालिकेत सर्वांत शहाणी वक्कल हीच.

माल दुप्पट, पैसे दुप्पट, मग गेम दुप्पट वेगाने चालतो का? नाही. फोर-के पडद्यावर ५०९० हे ५०८०च्या सुमारे दीडपट चालतं. पडदा लहान होत जाईल तसा हा फरकही आटतो. फोर-केत ८३ लाख ठिपके, १४४०पीमध्ये ३७ लाख, १०८०पीमध्ये २१ लाख. ठिपके कमी झाले की कार्ड आपलं काम चटकन उरकतं आणि मुख्य प्रोसेसरची वाट बघत बसतं. गेममधला शत्रू कुठे वळला, गोळी कुठे लागली, भिंत कशी पडली हा हिशोब प्रोसेसर करतो, आणि तो झाल्याशिवाय कार्डाला चित्र काढता येत नाही. १०८०पीच्या मॉनिटरला ५०९० जोडलं तर त्याची बरीचशी ताकद नुसती बसून राहते.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न कार्डाचा विचारू नका, मॉनिटरचा विचारा. ५०८०वर एखादा गेम सेकंदाला ६० चित्रं देत असेल आणि ५०९०वर ९०, तर हा फरक दिसायला मॉनिटरही सेकंदाला ९०हून जास्त चित्रं दाखवणारा लागतो. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर वरची तीस चित्रं पडद्यावर येतच नाहीत. वेगवान फोर-के मॉनिटर घ्यायचा, तर त्याचे पैसे वेगळे.

दुसरा प्रश्न गेमचा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळायचं असेल, तर हे लाखाचं बोलणंच इथे थांबवा. ते गेम मुद्दामच साध्या कॉम्प्युटरवर चालावेत असे बनवले आहेत. आणि समोरचा आधी गोळी मारतो ही तक्रार असेल, तर दोष बहुधा इंटरनेटच्या पिंगचा असतो. तो कोणत्याही कार्डाने कमी होत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये काढलेला ‘राजी’ हा देखणा गेमही महागड्या कार्डाशिवाय छान चालतो. ‘सायबरपंक २०७७’ किंवा ‘ॲलन वेक २’ हे खेळ मात्र ‘पाथ ट्रेसिंग’ चालू करून खेळायचे असतील तर गोष्ट खरोखर वेगळी. त्यात दिव्यातून निघालेला प्रकाश भिंतीवर, पाण्यावर, काचेवर आपटत कुठे जाईल याचं गणित दर चित्राला होतं. तिथे ५०९०सुद्धा आधाराशिवाय फोर-केवर धापा टाकतं.

आधार म्हणजे डीएलएसएस. कार्ड चित्र लहान आकारात काढतं आणि एआयच्या मदतीने मोठं करतं. हे आता इतकं चांगलं जमलंय की खेळताना फरक शोधावा लागतो. पण याच नावाखाली दुसरा एक प्रकार खपवला जातो, त्यापासून सावध राहा. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या अंदाजाने आणखी चित्रं घालतं. ५००० मालिका आली तेव्हा एकामागे तीनपर्यंत. आकडा चौपट दिसतो, हालचाल गुळगुळीत होते, पण तुमच्या माउसला प्रतिसाद मिळतो तो खऱ्या चित्रांच्याच वेगाने, उलट किंचित उशिराच. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५०७० हे आदल्या पिढीच्या ४०९०ची बरोबरी करतं असं मंचावरून सांगितलं, ते याच मधल्या चित्रांच्या जोरावर. ती वगळली तर ५०७० हे ४०९०च्या आसपासही पोचत नाही. खुद्द ५०८०सुद्धा ४०९०हून थोडं मागेच आहे. यूट्यूबवर तुलना बघताना मधली चित्रं बंद ठेवून मोजलंय की चालू ठेवून, एवढं एक पाहिलं तरी निम्मी फसवणूक टळते.

एनव्हिडिया सोडून दुसरा पर्याय एएमडीचा. मार्च २०२५मध्ये आलेलं आरएक्स ९०७० एक्सटी, १६ जीबी मेमरीचं. साध्या गेममध्ये ते ५०७० टीआयच्या अगदी मागे-मागे चालतं आणि अमेरिकेत त्याची जाहीर किंमत ५९९ डॉलर होती, ५०७० टीआयची ७४९. पाथ ट्रेसिंगमध्ये मात्र ते मागे पडतं. त्याहूनही वरचं कार्ड एएमडीने या पिढीत काढलंच नाही, म्हणजे ५०९०ला स्पर्धकच नाही, आणि हेही त्याच्या किमतीचं एक कारण धरा. नुसतं खेळायचं असेल तर मी ९०७० एक्सटी घेऊन मोकळा होईन. पण चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. पुढेमागे प्रोजेक्टला मशीन लर्निंग घेतलं, तर तिथली बहुतेक साधनं आधी क्यूडावर चालतात आणि मग इतरांवर. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता ज्या मुद्द्यावर चिरंजीव बोलले नसतील आणि तुम्हीही विचारलं नाही, तो म्हणजे वीज.

५०९० एकटं ५७५ वॅट ओढतं. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर धरून खेळताना सगळ्याचा भार ८०० वॅटच्या आसपास जातो. रोज चार तास खेळला तर तीन युनिटच्या वर, महिन्याला शंभराच्या आसपास. घराचा बाकीचा वापर आधीच असतो, त्यामुळे हे शंभर युनिट वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. ५०७० टीआयची मर्यादा ३०० वॅटची, म्हणजे जवळपास निम्मी. आणि कार्डात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच बाहेर पडतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी बसून हे खेळायचं असेल, तर कार्डाचे पंखे विमानासारखे ओरडतील आणि खेळणारा आधी उठेल.

लाइट गेली की काय, हा पुढचा विचार. दुकानदार ६०० व्हीएचा यूपीएस सोबत देतो. त्यावर साधारण ३६० वॅटच चालतात. ५०९०चा कॉम्प्युटर त्याच्यावर क्षणभरही तगणार नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कुरकुर करतो. प्युअर साइन वेव्हचाच हवा. कमी व्होल्टेजची मात्र फार काळजी नको. बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे संध्याकाळी गावठाण फीडरवर व्होल्टेज पडलं तरी ते सांभाळून घेतात. खरा धोका डीपीवरची न्यूट्रल तुटण्याचा. तेव्हा घरात अचानक २३०च्या जागी कितीतरी जास्त दाब येतो आणि जे काही लावलेलं असेल ते जातं. त्यासाठी जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारं साधन मेन बोर्डावर बसवून घ्या.

आणि अर्थिंग. बऱ्याच घरांत अनवाणी उभं राहून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येतात, ‘करंट मारतो’ म्हणून सोडून देतात. त्याचं कारण बहुधा बिघाड नसतं. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला बसवलेले छोटे कपॅसिटर वायरीपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा अधांतरी शंभराच्या वर व्होल्टला जाऊन बसतो. टेस्टर लावा, दिवा लागेल. माणसाला त्याचा नुसता चटका बसतो, पण एचडीएमआयची केबल लावता-काढताना तोच प्रवाह कार्डातून जाऊ शकतो. वायरमनला बोलावून मीठ-कोळसा घातलेला खड्डा नीट करून घ्यायला काही हजार लागतील. दोन लाखांच्या कार्डाचा हा पहिला विमा, आणि ऐंशी हजारांच्या कार्डाचाही.

५०९०चीच आणखी एक डोकेदुखी म्हणजे त्याचा वीज जोडणारा प्लग. १२ व्होल्टवर ५७५ वॅट म्हणजे ४८ अँपिअर. ते सहा बारीक पिनांतून जातात, प्रत्येकीतून आठ, तेही सगळ्या पिनांनी भार सारखा वाटून घेतला तर. एखादी पिन ढिली बसली की बाकीच्यांवर ओझं चढतं आणि प्लास्टिक वितळतं. २०२२मध्ये ४०९० आलं तेव्हापासून हे प्रकार घडत आले. नंतर प्लगची रचना सुधारली, तरी ५०९०बाबत तक्रारी आल्याच. प्लग शेवटपर्यंत दाबून बसवायचा, कडेला फट दिसता कामा नये आणि वायर प्लगच्या तोंडाशीच मुरडायची नाही. ३०० वॅटच्या कार्डात हाच प्लग निवांत असतो.

एवढं ऐकूनही ५०९०च घ्यायचं ठरलं, तर हजार वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या आणि कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून वीस टक्क्यांनी खाली आणा. सेकंदाची चित्रं अगदी थोडी घटतात, उष्णता आणि आवाज बरेच घटतात. कॅबिनेटची आतली लांबी मोजून मगच कार्ड मागवा; काही कंपन्यांची ही कार्डं फूटभराहून लांब आणि तीन-चार खाचा अडवणारी आहेत, त्यांना खालून टेकू द्यावा लागतो. एका बाजूला काच लावलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण पत्र्याच्या कॅबिनेटपेक्षा ते जास्त रेडिओ-गोंगाट बाहेर सोडतं, आणि खोडदवाले नेमका तोच गोंगाट टाळायला धडपडत असतात. तुमच्या एका कॉम्प्युटरने दुर्बीण बहिरी होणार नाही, पण मुलाला दुर्बिणीचं इतकं प्रेम असेल तर हेही त्याच्या कानावर घाला.

खरेदीबद्दल थोडक्यात. वर दिलेल्या किमती २०२५च्या सुरुवातीच्या यादीतल्या आहेत. दुकानात त्या सुरुवातीला क्वचितच मिळाल्या. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या मागणीमुळे मेमरी चिपाही महागल्या आहेत, म्हणून त्याच दिवशीचे दोन-तीन ठिकाणचे भाव घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आजही घासाघीस चालते. ऑनलाइन दर आधी बघून जा. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर ते क्रिप्टोच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेलं नाही ना, ते विचारा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम बंद केलं, तेव्हा त्या कामातून सुटलेली ढिगाने कार्डं बाजारात आली होती. नवं घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि बिलावरचा सिरीयल नंबर कार्डाच्या पाठीवरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहा. बाहेरून आणलेल्या मालाला इथली वॉरंटी बहुधा लागू होत नाही.